कबुलीआधी हिशेब: प्ली बार्गेनिंगच्या वाटेवरचे खड्डे ओळखायचे कसे

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर काय किंवा बेलापूरच्या न्यायालयाच्या आवारात काय, आरोपीच्या घरच्यांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं: "कबूल करून टाका, मिटून जाईल." बोलणारा बहुतेक वेळा चांगल्या मनानंच बोलतो. पण या एका वाक्यात कायद्याच्या तीन वेगवेगळ्या वाटा दडलेल्या असतात आणि त्यांचे शेवटही वेगळे आहेत. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: कबूल म्हणजे नेमकं कोणत्या कलमाखाली?

पहिली वाट साध्या कबुलीची. आरोप वाचून दाखवल्यावर आरोपी "गुन्हा कबूल" म्हणतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २६४, समन्स खटल्यात, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या खटल्यात, २७५) आणि न्यायाधीश शिक्षा ठरवतात. ती किती असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. मात्र शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला धरून नाही, एवढ्यापुरतं अपील करता येतं.

दुसरी वाट तडजोडीची, कलम ३५९ खाली. काही ठरावीक गुन्हे पीडित व्यक्तीच्या संमतीनं मिटवता येतात. काहींना न्यायालयाची परवानगीही लागते. याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो, शिक्षेचा डाग लागत नाही.

तिसरी वाट प्ली बार्गेनिंगची, म्हणजे कबुलीच्या बदल्यात शिक्षेत सवलत घेण्याची: त्याच संहितेचं प्रकरण २३, कलमं २८९ ते ३००. इथे आरोपी अर्ज करतो, सरकारी वकील, तपास अधिकारी आणि पीडित यांच्याशी बैठक होते, भरपाई ठरते आणि शिक्षा कायद्यानं सांगितलेल्या अपूर्णांकात बसते. या वाटेवर दोषसिद्धी होतेच, अपील मात्र राहत नाही. उरतो तो फक्त उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेचा दरवाजा, आणि तिथे जाण्याचा खर्च ज्याला झेपतो तो मुळात या वाटेला क्वचितच येतो.

आपल्याकडच्या न्यायालयांनी ही पद्धत फार काळ नाकारलीच होती. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा सौद्यांवर कडक ताशेरे ओढले. १९८० मध्ये कासमभाई शेख प्रकरणात न्यायालयानं धोका नेमका सांगितला: लांबलचक खटल्याला कंटाळून निर्दोष माणूसही छोटी शिक्षा पत्करेल. पुढे कायदा बदलला आणि ५ जुलै २००६ पासून ही तरतूद लागू झाली, पण तो धोका कायम आहे. तुरुंगात बसलेल्या गरीब माणसाच्या बाबतीत तर तो रोजचा आहे.

अमेरिकी मालिका पाहून अनेकांना वाटतं, वकील बोलणी करून कलमच हलकं करून आणतील. तिथे तसं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंच २०१२ च्या एका निकालात नोंदवलंय की तिथल्या संघीय न्यायालयांतल्या दोषसिद्धींपैकी ९७ टक्के कबुलीतून होतात. आपल्या प्रकरण २३ मध्ये कलमाचा सौदा नाही, सौदा फक्त शिक्षेचा आणि भरपाईचा. दोषारोपपत्रात पोलिसांनी जादा कलम लावलं असेल तर ते आरोप निश्चितीच्या वेळी भांडूनच काढावं लागतं.

आधी बघा: दार उघडं आहे का

दोषारोपपत्राची प्रत हातात घ्या. कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत ती मिळायला हवी. लावलेलं प्रत्येक कलम कागदावर लिहा आणि त्यापुढे कमाल शिक्षा मांडा. एकाही कलमाची कमाल शिक्षा सात वर्षांहून जास्त असेल तर दार बंद.

इथेच बरेच जण अडखळतात. घरफोडीचं उदाहरण घ्या. चोरी भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ३०३(२) ची, कमाल तीन वर्षं. राहत्या घरातली चोरी कलम ३०५ ची, कमाल सात वर्षं. इथपर्यंत ठीक. पण रात्री कुलूप तोडून चोरी असेल तर कलम ३३१(४) लागतं, आणि हेतू चोरीचा असला की त्याची कमाल शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. दिवसा घरफोडी असेल तर ३३१(३), चोरीच्या हेतूनं १० वर्षं. जबरी चोरी ३०९(४), तीही १० वर्षं. घातक शस्त्रानं गंभीर दुखापत ११८(२), थेट जन्मठेपेपर्यंत. यांतलं एक कलम असलं तरी अर्ज टिकत नाही. ते कलम पुराव्याला धरून नसेल तर त्यावर वकिलांनी आरोप निश्चितीआधी बोलायला हवं. दोषमुक्तीचा अर्ज प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत करायचा असतो (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २६२).

गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा बालकाविरुद्ध असेल तरी ही वाट नाही. सोनसाखळी खेचण्याच्या प्रकरणात हे विसरलं जातं. कलम ३०४ ची शिक्षा तीन वर्षंच असली, तरी साखळी बाईच्या गळ्यातली असेल तर सरकारी वकील याच मुद्द्यावर हरकत घेऊ शकतात. त्या भरवशावर दिवस घालवू नका, जामिनाचा अर्ज थांबवू नका.

तिसरी गाळणी देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणाऱ्या गुन्ह्यांची. केंद्र सरकारनं जुलै २००६ मध्ये त्यासाठी कायद्यांची यादी अधिसूचित केली. हुंडा प्रतिबंध, कौटुंबिक हिंसाचार, अनैतिक व्यापार, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध, नागरी हक्क संरक्षण, सिनेमॅटोग्राफ हे कायदे त्यात आहेत. आणि आरोपी बाल न्याय कायद्याखालचा असेल तर हे प्रकरण त्याला लागूच नाही.

शेवटची अट आरोपीच्या पूर्वेतिहासाची. त्याच गुन्ह्यासाठी आधी शिक्षा झालेली नसावी, आणि तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर अर्ज तर बाद होतोच, वर प्रतिज्ञापत्र खोटं दिल्याचं नवं लचांड मागे लागतं.

जुनी संहिता की नवी

नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ ला खटला आधीच सुरू असेल तर तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंच चालतो. तिथे कलमं २६५अ ते २६५ठ. नव्या संहितेत अर्जाला असलेली ३० दिवसांची मुदत तिथे नाही, पण पहिल्यांदा चुकलेल्याला मिळणारी जादा सवलतही नाही. गुन्हा जुना आणि दोषारोपपत्र नंतरचं असेल तर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. अर्जात कोणत्या संहितेचं कलम लिहायचं ते वकिलांकडून आधी पक्कं करून घ्या. मुदतीच्या बाबतीत मात्र नवीच लागू आहे असं समजून चाला, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होईल.

हिशेब मांडा, मगच बोला

कलम २९३ चं गणित असं. गुन्ह्याला किमान शिक्षा ठरवलेली असेल तर त्या किमान शिक्षेच्या निम्मी. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेल्याला एक चतुर्थांश. किमान शिक्षा नसेल तर कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश. पहिल्यांदाच्या आरोपीला एक षष्ठांश.

मांडून पाहू, आरोपी पहिल्यांदाचा धरून:

चोरी, ३०३(२), कमाल ३ वर्षं: ६ महिने.
राहत्या घरातली चोरी, ३०५, कमाल ७ वर्षं: १४ महिने.
फसवणूक, ३१८(४), कमाल ७ वर्षं: १४ महिने.
निष्काळजीपणानं मृत्यू, १०६(१), कमाल ५ वर्षं: १० महिने.
भरधाव वाहन चालवणं, २८१, कमाल ६ महिने: १ महिना.
परवान्याविना गावठी कट्टा, शस्त्र कायदा ३ सह २५, किमान २ वर्षं: ६ महिने.

आता यातली मेख बघा. सवलत मोजली जाते ती कायद्यातल्या कमाल शिक्षेवर, न्यायालयात प्रत्यक्ष होणाऱ्या शिक्षेवर नाही. भरधाव गाडीच्या प्रकरणात कलम २८१ दंडावरही भागवू देतं, आणि तो दंड जास्तीत जास्त १००० रुपये. तिथे प्ली बार्गेनिंगचा अर्ज करून एक महिन्याची कैद डोक्यावर घेणं म्हणजे स्वस्तातली वस्तू महाग घेणं. "एक चतुर्थांशपर्यंत" असा शब्द कायद्यात नाही, "एक चतुर्थांश" असाच आहे. त्यामुळे त्याहून कमी देता येते की नाही, हा वाद न्यायाधीशांसमोर उभा राहतो.

याउलट गावठी कट्ट्याच्या प्रकरणात किमान शिक्षाच दोन वर्षांची. पुरावा भक्कम असेल, जप्ती पंचनामा नीट असेल, पंच फुटण्याची शक्यता नसेल, तर सहा महिन्यांचा आकडा खरोखर मोठा दिलासा आहे. आमचं स्पष्ट मत असं की या तरतुदीचा खरा उपयोग किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आणि जिथे कैद जवळपास अटळ आहे अशा प्रकरणांत आहे. बाकी ठिकाणी आधी इतर दारं ठोठावा.

ती इतर दारं

साधी चोरी मालकाच्या संमतीनं तडजोडयोग्य आहे. साधी दुखापत ११५(२) जखमी व्यक्तीच्या संमतीनं. गंभीर दुखापत ११७(२), विश्वासघात ३१६(२) आणि फसवणूक ३१८(४) न्यायालयाच्या परवानगीनं. धनादेश न वटल्याचा खटलाही तडजोडयोग्य. यांत समोरचा पैसे घेऊन मिटवायला तयार असेल तर तेच पैसे तडजोडीत द्या, प्ली बार्गेनिंगमध्ये नको. रक्कम तीच, पण एकीकडे निर्दोष सुटका आणि दुसरीकडे दोषसिद्धी. लोक अदालतीतही हीच प्रकरणं मिटतात. तडजोडयोग्य नसलेल्या, पण मुळात खाजगी स्वरूपाच्या वादात उच्च न्यायालय कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करू शकतं. त्याचा पाया सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा ग्यानसिंग निकाल.

चोरीचा माल ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा, आरोपी पहिल्यांदाचा आणि माल किंवा किंमत परत केली असेल तर कलम ३०३(२) स्वतःच सामुदायिक सेवेची शिक्षा सांगतं. म्हणून मुद्देमालाची पंचनाम्यात लिहिलेली किंमत नीट वाचा. मोबाईल तीन वर्षं जुना असताना नव्याच्या भावात किंमत धरली असेल तर त्यावर हरकत घेण्यासारखं बरंच असतं.

तुरुंगात असलेल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं दार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चं. पहिल्यांदाच्या आरोपीनं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. इतरांना निम्मा काळ. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये हे १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. मात्र एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर हा लाभ नाही.

जामीन मंजूर आहे, पण जामीनदार नाही, म्हणून माणूस आत आहे आणि म्हणून कबुलीचा विचार चालला आहे, ही परिस्थिती ठाणे आणि तळोजा या दोन्ही कारागृहांतल्या परप्रांतीय मजुरांच्या बाबतीत नेहमीची. तिथे कबुली हा उपाय नव्हे. जामिनाची रक्कम कमी करण्याचा, रोख जामिनाचा किंवा जातमुचलक्याचा अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे जामीन होऊन महिनाभरात बंधपत्र भरता आलं नाही तर न्यायालय स्वतःहूनही अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळालेला माणूस निर्धन समजला जातो, हेही कलम ४७८ मध्ये लिहिलेलं आहे.

एकापेक्षा जास्त गुन्हे असतील तर थांबा

हा मुद्दा सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून सविस्तर. समजा एका पोरावर वाशी, राबोडी आणि कापूरबावडी अशा तीन पोलीस ठाण्यांत दुचाकीच्या सुट्या भागांच्या चोरीचे तीन खटले आहेत. तिन्ही ३०३(२) चे. पहिल्यात प्ली बार्गेनिंग केलं, सहा महिने झाले, आतला काळ वजा होऊन सुटका झाली. घरच्यांना वाटतं, आता उरलेले दोनही असेच काढू.

तसं होत नाही. पहिल्या निकालानं चार गोष्टी एकदम बदलतात. त्याच गुन्ह्यात शिक्षा झालेली असल्यानं दुसऱ्या खटल्यात प्ली बार्गेनिंगचा अर्जच करता येत नाही. पुढे एकच खटला उरला तरी तो आता पहिल्यांदाचा आरोपी नाही, म्हणून कलम ४७९ चा एक तृतीयांशचा लाभ जातो. चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास ३०३(२) खाली किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी आहे. सरकारी वकील मागच्या दोषसिद्धीचा दाखला दाखल करून तीच मागू शकतात. आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५७ खाली, मालमत्तेच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्याला तडीपार करण्याच्या कारवाईला आधार मिळतो.

उपाय: सगळे खटले एका कागदावर मांडा. न्यायालय, खटला क्रमांक, कलम, टप्पा, पुढची तारीख. ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर (ओळख) क्रमांक टाकला की टप्पा आणि तारीख दिसते. तडजोडीनं निघणारे आधी काढा, कारण तिथे शिक्षेची नोंद होत नाही. पुरावा कमजोर असलेले लढा. मग उरलेल्यांपैकी एकात हा अर्ज बसतो का ते पाहा. वेगवेगळ्या खटल्यांना वेगवेगळे वकील असतील तर त्यांना एकमेकांशी बोलायला लावा. एका वकिलाला दुसऱ्या खटल्याचा पत्ता नसल्यामुळेच हा घोळ होतो.

तीस दिवसांची मुदत

नव्या संहितेत अर्ज आरोप निश्चितीपासून ३० दिवसांत करावा लागतो. गोम अशी की आरोप निश्चित झाल्यावर पुढची तारीख अनेकदा महिन्याहून लांबची पडते. "पुढच्या तारखेला देऊ" म्हटलं की मुदत गेली. त्यात आरोपी तुरुंगात असेल आणि आरोप व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) वाचून दाखवला गेला असेल तर घरच्यांना कळतही नाही. म्हणून दर आठवड्याला ॲपवर टप्पा पाहा आणि आरोप निश्चितीचा उल्लेख दिसला त्या दिवसापासून मोजा. अर्ज तारखेची वाट न पाहता कामकाजाच्या कोणत्याही दिवशी दाखल करता येतो. अर्ज दाखल झाल्याची पोच घ्या.

समन्स खटल्यात औपचारिक आरोप निश्चित होतच नाही, फक्त तपशील समजावून आरोपीचं म्हणणं नोंदवतात. तिथे ३० दिवस कुठून मोजायचे हे कलमात नाही. म्हणणं नोंदवल्याच्या दिवसापासून मोजा.

कुठे जायचं

नवी मुंबई म्हटलं की सगळं बेलापूरला, असा समज आहे. पोलीस आयुक्तालय एक असलं तरी जिल्हे दोन आहेत. वाशी, तुर्भे, नेरूळ, रबाळे हा भाग ठाणे जिल्ह्यात, तिथली प्रकरणं बेलापूरला. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, तिथली पनवेलला. त्यामुळे मोफत वकिलासाठीही कार्यालय बदलतं: एकीकडे ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दुसरीकडे रायगडचं, म्हणजे अलिबागचं, आणि जवळची म्हणून पनवेलची तालुका समिती. तळोजा कारागृह खारघरला असलं तरी तिथल्या कैद्याचा खटला ठाण्याचा असू शकतो. वकील खटला चालतो तिथलाच मागा.

तुरुंगात असलेली व्यक्ती, स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतवाहिनी १५१००. विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाचे वकील फौजदारी खटलेच चालवतात. त्यांच्याकडे जाताना दोषारोपपत्र, अटकेची तारीख आणि इतर खटल्यांचा तो कागद न्या. पहिल्याच भेटीत वर मांडलेलं गणित त्यांच्याकडून तपासून घ्या.

अर्ज लिहिताना

अर्जात खटल्याची थोडक्यात माहिती, गुन्ह्याचं कलम आणि सोबत प्रतिज्ञापत्र एवढं लागतं. प्रतिज्ञापत्रात तीन गोष्टी: अर्ज स्वेच्छेनं केला, शिक्षेचं स्वरूप आणि व्याप्ती समजली आहे, त्याच गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेली नाही.

"मी अमुक दिवशी अमुक ठिकाणी चोरी केली" असं सविस्तर कथन कलम मागत नाही. "अभियोग पक्षाच्या म्हणण्यानुसार" असा शब्दप्रयोग करून दोषारोपपत्रातलंच दोन-चार ओळींत लिहा. का, ते सांगतो. बैठक फसली तर खटला अर्जाच्या आधीच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू होतो, बहुधा त्याच न्यायाधीशांपुढे. कलम २९९ प्रमाणे अर्जातलं विधान इतर कुठल्याही कामासाठी वापरता येत नाही. कागदावर हे संरक्षण पक्कं आहे. पण वाचलेलं मनातून पुसता येत नाही. त्यामुळे जितकं कमी लिहाल तितकं चांगलं. सहआरोपींची नावं तर अजिबात नकोत.

अर्ज मराठीत करा. इंग्रजी अर्जावर न वाचता अंगठा उठवला जातो आणि मग बंद दालनात न्यायाधीशांनी विचारल्यावर आरोपीला आपण काय मागितलंय हेच सांगता येत नाही. हिंदीभाषक आरोपीला प्रत्येक ओळ हिंदीत समजावून, तसं अर्जाखाली नमूद करा.

आरोपी तुरुंगात असेल तर "चौकशीसाठी प्रत्यक्ष हजर करावे" ही विनंती त्याच अर्जात घाला.

बंद दालनातली चौकशी

नोटीस निघाल्यावर ठरलेल्या दिवशी न्यायाधीश आरोपीला बंद दालनात एकट्याला विचारतात. विरुद्ध पक्ष तिथे नसतो. संपूर्ण प्रक्रियेतली ही सगळ्यात मौल्यवान दहा मिनिटं. पोलिसांनी दम दिला, तुरुंगात कोणी बोललं, वकिलानं फी नाही म्हणून घाई केली, घरच्यांनी "लवकर ये" म्हणून गळ घातली, यांतलं काहीही असेल तर ते इथेच सांगायचं. न्यायाधीशांना अर्ज स्वेच्छेचा वाटला नाही तर खटला पूर्वीसारखा पुढे चालतो, त्याची शिक्षा होत नाही.

व्हीसीवर हे नीट होत नाही. पडद्यासमोर बसलेल्या कैद्याच्या शेजारी तुरुंगाचा कर्मचारी उभा असेल तर तो मोकळं काय बोलणार? म्हणूनच प्रत्यक्ष हजेरीची विनंती. आणि चौकशीत "हो साहेब" एवढंच म्हणून थांबू नये हे आरोपीला आधी शिकवा. तीन उत्तरं त्याला स्वतःच्या शब्दांत देता आली पाहिजेत: किती शिक्षा होईल, अपील करता येईल का, आणि गुन्ह्याची नोंद राहील का. देता येत नसतील तर अर्ज अजून करायचाच नाही.

बैठक आणि भरपाई

स्वेच्छा पटली की न्यायालय जास्तीत जास्त ६० दिवस देतं. बैठकीला सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित यांना नोटीस जाते. आरोपी आपला वकील बरोबर नेऊ शकतो, आणि न्यावाच.

बैठक फसण्याचं नेहमीचं कारण साधं असतं: कोणीतरी येत नाही. तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते, पीडित भाड्याचं घर सोडून दिव्याला किंवा बदलापूरला गेलेला असतो, नोटीस जुन्या पत्त्यावरून परत येते. ६० दिवस संपतात. पहिल्याच आठवड्यात वकिलांमार्फत नोटीस बजावली गेली का ते विचारा आणि पीडिताचा पत्ता बदलल्याचं कळलं तर न्यायालयाला कळवा. आरोपीच्या माणसांनी थेट पीडिताच्या दारात जाऊ नये. दबाव टाकल्याची तक्रार झाली तर जामीनही जाऊ शकतो.

पैशाचा नियम एकच: रक्कम न्यायालयामार्फत. आवारात, चहाच्या टपरीवर, मध्यस्थाच्या हातात एक रुपयाही नाही. अहवालात रक्कम, हप्ते, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि भरण्याची पद्धत लिहून घ्या. झेपेल तेवढंच कबूल करा.

तुम्ही पीडिताच्या बाजूनं असाल तर बैठकीला जाणं सोडू नका. औषधोपचाराची बिलं, बुडालेले कामाचे दिवस, दुरुस्तीचा खर्च, तारखांना येण्याजाण्याचा खर्च यांची कागदोपत्री यादी न्या. कलम भरपाईबरोबर खटल्याच्या खर्चाचाही उल्लेख करतं. अहवालावर सही केली की तुम्हालाही अपील नाही, म्हणून रक्कम अपुरी वाटत असेल तर सहीआधी बोला.

सर्वांना पटलं तर अहवाल तयार होतो, त्यावर न्यायाधीशांसह सगळ्यांच्या सह्या होतात. नाही पटलं तर तशी नोंद होते आणि खटला पुढे. आरोपीचं मन बदललं तर सहीच्या आधीच सांगायचं.

शिक्षेच्या सुनावणीत मागायचं काय

अहवाल झाला म्हणजे काम संपलं, असं समजून वकील गप्प बसतात, तिथे सर्वांत मोठी संधी जाते. अपूर्णांकाच्या गणिताआधी कलम २९३ परिवीक्षेचा विचार करायला सांगतं: कलम ४०१ किंवा १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका मागा. आरोपी २१ वर्षांखालचा असेल तर परिवीक्षा कायद्याच्या कलम ६ प्रमाणे त्याला कैदेत पाठवण्याआधी न्यायालयाला कारणं नोंदवावी लागतात. वयाचा दाखला, शाळेचा किंवा नोकरीचा कागद, घरच्यांचं उत्पन्न, आधी गुन्हा नसल्याची माहिती हे सगळं लेखी द्या.

परिवीक्षेचा आणखी एक फायदा: त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता लागू होत नाही. म्हणून निकालपत्रात परिवीक्षा कायद्याच्या कलमाचा स्पष्ट उल्लेख करून घ्या. सरकारी नोकरीत असलेल्याची नोकरी त्यामुळे आपोआप वाचत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्येच सांगितलंय. खातं वर्तणुकीवर कारवाई करू शकतं. पोलीस पडताळणीच्या अर्जात दोषसिद्धी लपवू नये. रिक्षाचा बॅज, सुरक्षारक्षकाची नोकरी, आखाती देशाचा व्हिसा यांतलं काही ज्याच्या पोटाचं साधन आहे, त्यानं या एकाच कारणासाठी खटला लढायचा निर्णय घेतला तरी तो शहाणपणाचाच म्हणावा.

निकालानंतर

आत काढलेला काळ शिक्षेतून वजा होतो (कलम २९७). तुरुंगात जाणाऱ्या वॉरंटवर अटकेची तारीख आणि वजावटीचे दिवस बरोबर लिहिलेत का ते त्याच दिवशी पाहा. पोलीस कोठडीचे दिवसही मोजायचे असतात. मध्ये जामिनावर सुटून पुन्हा अटक झाली असेल किंवा दुसऱ्या खटल्यात वर्ग केलं असेल तर दिवस चुकतात आणि माणूस नाहक आत राहतो. चूक दिसली तर वाट न पाहता त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज द्या आणि त्याची प्रत कारागृह अधीक्षकांना पोचवा. निकालाच्या प्रमाणित प्रती दोन घ्या, एक घरी आणि एक उरलेले खटले चालवणाऱ्या वकिलाकडे.